बिनटाक्याचं

हजार विड्यांची पानं कापून झाली
तरी अंगठ्यात कात्रीची कडी रुतलेली राहते,
जेवतानाही.
म्हणून सिस्टरला मी आधीच सांगितलं,
पोटाला कात्री नको.

विडी घरकुलातला दवाखाना.
पंख्याखाली एकच जागा, ती गरोदरीला दिलेली.
कोळेकर सिस्टर म्हणाल्या,
बिनटाक्याचं बिनटाक्याचं म्हणता गं सगळ्या,
टाका नसला तरी भोक असतंच,
दुर्बीण काय हवेतून जाते?

मग मी त्या गोळ्यांचं विचारलं.
माझ्या नणंदेला, सत्तम्माला,
एका डॉक्टरने ठेवल्या होत्या आतून.
फाडलं नाही, झोपवलं नाही,
दोनदा बोलावलं महिन्याच्या अंतराने,
वर रिक्षाचे पैसेही दिले.
अंगठा घेतला तो कागद मराठीत होता,
तिला तेव्हा तेलुगूच यायचं.

सिस्टरने पेन खाली ठेवलं.
"बंदी आली त्याला. नळीला आतून डाग देणं होतं ते."
डाग म्हटलं की मला कावीळ आठवते.
मनगटावरचा गोल
अजून आहे.

स्प्रिंगही निघाली होती म्हणे, परदेशात,
नळीत सोडायची, भोवती मांस वाढून वाट बुजायची.
तीही बंद. बायकांची पोटं दुखायची.

"मग उरलं काय?"
"तांबी. दहा वर्षं."
चौतीस आणि दहा, चव्वेचाळीस.
कायमचं नव्हे,
पण तोवर मीच थकत आलेली असेन.

उठताना त्या हळूच म्हणाल्या,
"खरं बिनटाक्याचं एक आहे.
बारीक भोक, पंधरा मिनिटं, चालत घरी.
पण ते बाईचं नाही."

मल्लेशम रात्रपाळीवरून आला
कानात कापूस, भुवयांवर कापूस.
मागावर तुटलेला धागा तो बघतही नाही,
बोटांनीच गाठ मारतो.
मी सांगितलं.
तो टॉवेलने मान पुसत राहिला, पुसून झाल्यावरही.
"बीम उचलायचा असतो मला."

तिन्ही पोरं मी कशाने उचलली
ते बोलले नाही.
सूप मांडीवर ओढलं,
कात्री मात्र
टोक त्याच्याकडे करून ठेवली.

बुधवारी निघाले, कार्ड कमरेला खोचून.
तोही रिक्षात येऊन बसला, न बोलता.
दवाखान्यापाशी मी उतरले,
तो उतरला नाही.
रिक्षावाल्याने विचारलं, जायचं का?
आतून आवाज आला,
थांब जरा.