सहा चव्वेचाळीस

"साडेपाचला बोट सुटती, सातला ताट.
सूर्य बुडूस्तोवर फोटो काढा, मग निवांत जेवा,"
हिडकलचा बसगोंडा फोनवर म्हणाला.

चंपव्वा आत्तींनी एवढंच विचारलं,
"बुडतो किती वाजता?"
सहा चव्वेचाळीस, आत्ती.

बोटीत टेकल्या टेकल्या
त्यांनी पिशवीतून डबा काढला:
दोन दशम्या, शेंगाचटणी, मुगाचं घट्ट वरण,
गाळलेल्या पाण्याचा तांब्या.

आम्ही सगळे कठड्याला, मोबाईल उंचावून.
हुक्केरीच्या बाजूनं ढगाची पट्टी आडवी आली,
बायको म्हणाली, "छे! गेला."
"आहे," आत्ती घास चावत. "मागं आहे."

साठ वर्षं रोज
त्याच्याकडं बघून ताट संपवलेली बाई.

शेवटचा घोट. हात पदराला पुसले.
तांब्या पालथा घातला,
आणि तो गेला.
मागं कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

बसगोंडानं दिव्यांच्या माळा लावल्या,
भरलं वांगं, भाकरी, वाफाळता भात,
आणि उजेडाला भुललेली चिलटं
बदाबदा आमच्या ताटांत.

आत्ती काळ्या पाण्याकडं तोंड करून,
कानात कापूस, मांडीवर रिकामा डबा.
"सावकाश जेवा रे," म्हणाल्या,
"नीट बघून."