सात नंबरचं मशीन

शनिवारी नऊला आम्ही उतारावरून निघतो,
डेक्लन आणि मी, दोन पिशव्या कपडे घेऊन.
बंदरावर धुकं असलं की भोंगा वाजतो
आणि तो त्याच सुरात हुंकारतो,
एक श्रुतीही इकडची तिकडे नाही.
सेंट जॉन्सला वाटतं, भोंगा एकच आहे.

घरी मशीन आहे. चांगलं चालतं.
पण ते वरून उघडतं, त्याला काच नाही,
म्हणून दर आठवड्याला आठ डॉलर
मी या धुलाईघरात भरते,
सात नंबरच्या गोल खिडकीसाठी,
जिच्यात त्याचा निळा टॉवेल
दर चौथ्या गिरकीला काचेला नाक लावतो.
चौथ्याच. त्यानं मोजलंय.

त्या शनिवारी सातमध्ये
कुणाचे तरी कपडे फिरत होते.
चौतीस मिनिटं बाकी.
पाच, सहा, आठ रिकामी,
जांभया देत उघडी.

चार वर्षांचा असताना
तो असा जमिनीवर लोळला की लोक म्हणायचे,
दमलंय बिचारं,
आणि कुणीतरी पर्समधून गोळी काढायचं.
आता पंधरा. सहा फुटांना एक बोट कमी.
ओठावर मिसरूड, पायात माझ्या भावाचे बूट.
आवाज तोच आहे, फक्त खाली उतरलाय,
आणि बायका पिशव्या छातीशी धरतात.
मागच्या वर्षी किराणा दुकानातून
एकानं पोलिसांना फोन केला.
ते येईपर्यंत हा झोपला होता
बटाट्यांच्या पोत्यांमध्ये, माझ्या मांडीवर.

तेव्हापासून खिशात कार्डं असतात, छापील :
माझा मुलगा ऑटिस्टिक आहे.
कृपया हात लावू नका.
कृपया थोडं लांब उभं राहा.
शंभर काढली होती. एकसष्ट उरलीत.

तो बसला. मग आडवा झाला.
टाचा फरशीवर, एक, दोन, एक, दोन.
मी खिशात हात घातला.
बाकावरचा म्हातारा उठला,
जाकिटावर कुठल्याशा बोटीचं नाव शिवलेलं,
निम्मी अक्षरं उसवलेली.
वाटलं, बाहेर जातोय. किंवा फोन.

तो सातपाशी गेला.
त्या जुन्या मशीनला मध्येच थांबवायची
खुबी त्याला ठाऊक असावी.
पाणी उतरेपर्यंत उभा राहिला,
मग दार उघडून, फेसासकट,
कोपरापर्यंत भिजत,
लोकरीचे मोजे, जाड विजारी,
एक गुलाबी झगा, बारीक फुलांचा,
सगळं आठमध्ये नेलं. चार खेपा.
मी म्हटलं, अहो नको, तुमचे पैसे...
तो म्हणाला,
'कपड्यांना कुठं जायचंय?'
आणि जाताना बाहीनं
सातची काच पुसली.

नाव विचारलं नाही.
देव अशी मुलं खास आयांनाच देतो, असं म्हणाला नाही.
कुणा पुतण्याची गोष्ट सांगितली नाही.
बसला, आणि शब्दकोडं उघडलं.

डेक्लन काही लगेच उठला नाही.
अकरा मिनिटं लागली.
कुणी चांगलं वागलं म्हणून
अंगातलं वादळ घड्याळ बघत नाही.
मग उठला, टॉवेल घातला, नाणी घातली,
नाक काचेपासून बोटभर अंतरावर.
चौथी गिरकी. चौथी गिरकी.

आणि मग, जे तो कधी करत नाही,
मान वळवून आठकडे पाहिलं.
खूप वेळ.
'पाच,' म्हणाला, कुणालाच नाही.
गुलाबी झगा पाचव्या गिरकीला काचेशी येत होता.

म्हातारा कोड्यातून मान वर न काढता म्हणाला,
'ती नेहमी उशीरच करायची.'

वाळवायला त्याला दोन नाणी कमी पडली.
माझ्याकडून उसनी घेतली.
अजून परत दिलेली नाहीत.
मी शनिवारी दोन जास्तीची ठेवते,
कार्डांच्याच खिशात.