कातर

पुनवेच्या आधी, मंगळवारी, मी ती गोष्ट सांगितली.
निपाणीच्या आमच्या गल्लीतून टेम्पो निघत होते डोंगराला,
ताडपत्र्या भंडाऱ्यानं पिवळ्याधमक.
रस्त्यावर कुणी 'उदो' म्हटलं
की बालवाडीच्या खिडकीतून माझी पोरं 'उदो' म्हणत.
वाटलं, आज हीच सांगावी.
एकोणीस पोरं. सगळ्यात थोरलं साडेचार वर्षांचं.

मी चांगली सांगते.
वाळूचा घडा केला हातांनी,
पदराचा पिळा केला, तो साप, त्याची चुंबळ.
घडा विरघळला तेव्हा डोळे मोठे केले,
बापाचा आवाज काढला पोटातून.
चार मुलं नाही म्हणाली. फू. राख.
पाचवा हो म्हणाला.
तळहाताची पाती केली
आणि माझ्याच मानेवरून फिरवली,
फळ्याला टेकून जीभ बाहेर काढली.
पोरं खिदळली.
मग लगेच जिवंत झाले मी, शेवट गोड,
मुठी मुठी चिरमुरे वाटले.

गुरुवारी पारव्वा दारात.
बोटांना जर्द्याचा वास, नखांत दोरा.
"बाई, माझी कातर गावंना झालीया परवापासनं.
मल्लू काय बोलंना.
शेजारणीची मागून पानं कापतीया,
हजाराला दोनशे कमी पडाय लागल्यात."

मातीकामाच्या डब्यात सापडली.
ओल्या गोळ्यात मुठीपर्यंत खुपसलेली,
वरून अंगठ्यानं माती दाबून सारखी केलेली,
घेवड्याचं बी कसं लावायचं
हे मीच शिकवलं होतं, तशी.
टोकाला गंज धरू लागला होता.

मी गुडघ्यांवर बसले. "का रं, मल्लू?"
तो माझ्या तोंडाकडं बघेना.
मानेकडं बघत होता.
"अप्पा शनवारी येणार संकेश्वरास्नं.
त्येनं सांगितलं तर?"

चिकोडीच्या ट्रेनिंगमध्ये लिहून घेतलंय मी वहीत:
गोष्ट संपली की विचारावं, काय शिकलात?
मंगळवारी विचारलं होतं.
एकोणीस तोंडांनी एका सुरात उत्तर दिलं,
आईबाबांचं ऐकावं.
मी शाब्बास म्हटलं होतं.
टाळ्या वाजवून घेतल्या होत्या.

पारव्वा हसली, कपाळावरचा भंडारा सुरकुतला.
"आमी बी हीच ऐकत वाढलो की, बाई.
काय झालं आमास्नी?"
कातर पदरानं पुसली, एकदा हवेत कापून बघितली.
मग म्हणाली, कुणालाच नव्हे,
"थोरलीला बा म्हणाला, चल डोंगराला.
ती न्हाई म्हणाली न्हाई."
आणि कातर कमरेला खोचून गेली,
दोनशे राहिल्या होत्या तिच्या.

मल्लू तिथंच.
"बाई, त्यांची नावं काय हुती?"
"कुणाची?"
"न्हाई म्हणाल्याली. चौघं."

अकरा वर्षं सांगते आहे मी ही गोष्ट.
घड्यातली वाळू कुठल्या काठाची, सांगते.
परशूला धार कशी, सांगते.
संध्याकाळी सासूबाईंना विचारलं.
त्या म्हणाल्या, असतील काहीतरी.
देवळात गुरवांना विचारलं.
ते समईत तेल घालत होते, मान वर न करता म्हणाले,
"त्यांचं काय करायचं? राख झाली ती."
रात्री भाकरी थापताना
परातीतल्या पिठावर बोटानं चार रेघा ओढल्या
आणि नवरा आत आला तशी पुसल्या.
का पुसल्या, ठाऊक नाही.

शुक्रवारी हजेरी घेतली.
बाहेर आणखी एक टेम्पो गेला.
खिडकीकडं चार-दोन पोरं धावली, बाकीची माझ्याकडं बघत राहिली,
म्हणू का, अशी.
एकोणीस नावं झाली. वही मिटली.
मल्लूचं बोट वरच.

"अजून चार ऱ्हायली, बाई."