पूर्ण नाव

ती पहिल्यांदा केबिनीत आली तेव्हा
खाली दुपारचा खेळ, मोजून अकरा माणसं,
बाहेर मे महिना, कूलरची टाकी कोरडी.
काका, कापलेली फिल्म देता का, म्हणाली, फेकाल ती.
मी तुटलेली पट्टी जोडत होतो.
मान वर न करता विचारलं, नाव?
तक्षशिला.
पूर्ण नाव?
मशीनचा किरकिराट थोडा वेळ एकटाच बोलला.
मग तिनं सांगितलं, गजभिये.
हं, म्हणालो मी. इंदोऱ्याची का?
आणि डबाभर तुकडे दिले, चहाही पाजला,
हे नोंदवून ठेवतो.

तिच्या झोळीत टेप चालू होता,
मशीनचा आवाज घ्यायला.
मला हे कळायला बावीस वर्षं लागली.

पहिलं काम तिनं घरामागच्या बोळात मांडलं.
तीन चादरी तीन बाजूंना, मधे उभा राहील तो माणूस.
एकीवर आईचे हात, विडी वळणारे,
दुसरीवर नुसती कात्री,
तिसरीवर उजेड, बाकी काही नाही.
बायका पदर सावरून बसल्या तासभर.
पिक्चर केव्हा सुरू होते वं पोरी?

मग नाकं.
कुठल्याशा कचेरीच्या लिलावात तिला पितळी पकड मिळाली,
साहेबाच्या काळातली, नाकाची रुंदी मोजायची.
माणसाची जात म्हणे त्या दोन टोकांत मावायची.
तिनं मामाचं नाक मोजलं, कामठीच्या खाटकाचं,
धरमपेठेतल्या डॉक्टरणीचं, माझं.
भिंतभर नाकं, श्वास घेणारी,
खाली आकडा, नाव नाही.
लोक समोर उभे राहून हळूच ओळखायला बघत
कोण कुठला.
चुकत.
पुन्हा बघत.

पुढं बर्लिन, साओ पाउलो, आणखी कुठं कुठं.
तिकडून एकदा फोन आला, रात्री उशिरा.
काका, इथं तोंडाकडे बघूनच ठरवतात,
आपल्याकडं आडनाव ऐकेपर्यंत तरी दम धरतात.
हसली. मीही हसलो.
फोन ठेवल्यावर वाटलं, मी कशाला हसलो.

यंदा ती आली तेव्हा टॉकीज बंद पडून सात वर्षं झालेली.
खुर्च्या भंगारात, पडद्यामागं कबुतरं.
आठ दिवसांसाठी हॉल घेतला तिनं,
मशीनला तेल घातलं मी,
पगार दुप्पट, आगाऊ.
पडद्यावर चित्र नाहीच.
मीच दिलेले तुकडे, एकापुढं एक जोडलेले,
ओरखडे, काळोख, मधेच एक हिरवा डाग.
आणि किरकिराटाखालून एका माणसाचा आवाज,
कंटाळलेला, पाना मागावा तसा:
नाव?
पूर्ण नाव?
हं.
पुन्हा पहिल्यापासून.

एकोणीस शहरांत फिरून आलेला माझा आवाज.

झरोक्यातून खाली पाहिलं.
ती भिंतीला टेकून उभी, वर बघत नव्हती.
हात बटणापर्यंत गेला.
संध्याकाळी पायऱ्यांवर म्हणालो, सांगायचं तरी.
म्हणाली, तुम्ही वाईट नव्हता काका,
म्हणून तर तो आवाज घेतला.

यावर काय बोलायचं असतं?

तिसऱ्या दिवशी खेळ चालू असताना लाइन गेली.
मशीन थांबलं. कबुतरं फडफडली.
आवाज मात्र बॅटरीवर होता, तो चालूच,
ठार अंधारात, कुणाच्याही तोंडाशिवाय:
पूर्ण नाव?
कुणी हललं नाही.
पूर्ण नाव?
मागच्या बाजूनं एक म्हातारी खाकरली,
आधी तुहं सांग नं, बाप्पा.

सगळा हॉल हसला.
मी वर टॉर्च शोधत राहिलो बराच वेळ.
टॉर्च हातातच होता.