स्टूल

पडद्याची दांडी आठ महिने दाराआड उभी.
वरच्या मगदूमांकडं ड्रिल आहे, वायरीचं, जुनं,
पण ते मागितलं की ड्रिलच्या मागोमाग
मगदूमही येतात.
चहा होतो. स्टूल धरायला मी,
आणि भोक पडतं त्यांना वाटेल तिथं.

म्हणून आज लक्ष्मीपुरीत.
हकीमुद्दीनशेठ भाच्याला विचारतात,
"घरचं काम, का धंद्याचं?"
भाचा मोबाइलात.
घरचं, मी म्हणते. माझं.

अठरा व्होल्टचं उचललं,
भरल्या कळशीगत मनगट ओढतंय.
"पावर लई हाय ताई, नाद खुळा!"
असेल. पण स्टुलावर, टाचा उचलून
हे कितीदा पेलायचं?
आणि भिंत माझीच आहे, पाडायची नाही.

दुसरं हलकं, स्वस्त. त्यात हॅमर नाही,
लाकडात जाईल, विटेवर नुसतं गुरगुरेल.

तिसरं बारा व्होल्टचं. हॅमर आहे, बॅटऱ्या दोन.
मी ट्रिगर हळूच दाबते,
बिटाच्या टोकाकडं एक डोळा मिटून बघते:
जागेवर फिरतंय, का भिरभिरतंय.
शेठ पहिल्यांदा माझ्याकडं बघतात.
"कुणी शिकवलं?"

उद्यमनगरात अण्णांचं लेथ होतं.
डबा घेऊन गेलं की थांबावं लागे,
चढवलेला जॉब ते अर्धा सोडत नसत.
"कान दे," म्हणायचे,
"मशीन खोटं बोलत नाही, विकणारा बोलतो."
लेथ भावाला गेलं. भावानं ते विकलं.
यातलं काही शेठना सांगितलं नाही.
"अशीच," म्हटलं.

दोनशे कमी केले, वर गिट्ट्यांचं पाकीट.
"लिंटेलच्या नादाला लागू नका, काँक्रीट हाय.
बाजूनं जावा."

बाजूनंच गेले.
पहिलं भोक बोटभर खाली.
फरशीवर लाल भुकटी, केसांत, पापण्यांवर.
दुसऱ्याला आधी पेन्सिलीनं फुली केली,
खिळ्यानं खाच पाडली,
मग कान दिला:
प्लास्टरचा आवाज कोरडा,
विटेचा जाड,
आणि मधेच पोकळ, सांध्यातली वाळू.
थोडं सरकले.

बेल वाजली.
दारात मगदूम, हातात त्यांचं ड्रिल,
वायर नीट गुंडाळलेली.
"आवाज आला. म्हटलं, बघावं..."

या ना, म्हटलं.
चहा ठेवतेच.
तोवर जरा
स्टूल धरा.