बे एके बे

नोव्हेंबर. पहाटेचे साडेपाच. लफबरोचे दिवे
अजून नारिंगी, रस्त्यात बघायला कोणी नाही,
म्हणून तर ही वेळ.
एकोणनव्वद किलो. नवऱ्याचा जुना ट्रॅकसूट.
मांड्यांना आतून व्हॅसलीन, एकावर एक दोन ब्रा.

बुटांच्या दुकानातल्या पोरानं विचारलं होतं,
"कसली तयारी चाललीये?"
म्हटलं, "जिन्याची."
तो हसला. मी खरंच सांगत होते.

बावीस वर्षं इथल्या लोकांचं रक्त तपासतेय.
नळीवर नाव असतं, पण आम्ही वाचतो आकडा.
सप्टेंबरात एका नळीवर माझं नाव आलं
आणि आकडा असा, की दुसऱ्या कुणाचा असता
तर मनात म्हटलं असतं,
बाईंनी जरा हातपाय हलवायला हवेत.

एक मिनिट पळायचं, दीड मिनिट चालायचं,
असं कागदावर. कागदाला गुडघे नसतात.
घड्याळ बघायला चष्मा लागतो,
चष्म्यावर माझीच वाफ,
मग पाढे.

बे एके बे, डावा.
बे दुणे चार, उजवा.
बे त्रिक सहा, पोट एक पाऊल मागून येतंय.
बे चोक आठ, आलं.
बे पाचे दहा, छातीत लोहाराचा भाता.
बे सक बारा.
बे साते
चौदा म्हणायला वारा उरला नाही.

कालव्याच्या पुलाखाली वाकून उभी राहिले.
विटांतून पाणी ठिबकत होतं, माझ्या नाकावरूनही.
मिरजेच्या शाळेत शर्यतींच्या दिवशी
बाई म्हणायच्या, "वृषाली, तू चपला सांभाळ."
मी सांभाळायचे. ओळीनं, जोडीनं,
अंगठे मैदानाकडे करून.
एकतीस जोड. कधी एकही हरवला नाही.

काठाला बांधलेल्या होडीतून
क्लाइव्ह नावाचा म्हातारा डोकावला,
हातात चहा, दाढीत पावाचे कण.
"मॉर्निंग, डक."
या गावात सगळ्यांनाच बदक म्हणतात, मायेनं;
बसवाले, दुकानवाले, माझी साहेबीणसुद्धा.
बावीस वर्षांत कधी लागलं नाही.
त्या दिवशी मात्र वळून
स्वतःची चाल बघितली.

डिसेंबरात दोनदा घरीच राहिले.
एकदा पोटरीत गोळा आला म्हणून,
एकदा कारण नव्हतंच.
जानेवारीत बर्फावर आपटले, बसकण मारली थेट.
भर थोडी आहे का तिथे,
हाड वाचलं.
नवरा म्हणाला, "पुरे आता, वय काय आपलं?"
मी त्याच्यासमोर बसून दोन पोळ्या खाल्ल्या, तूप लावून,
आणि गजर लावला.

वजनकाट्याचं विचारू नका.
दोन किलोही नाही.
पण पूर्वी माझी धपधप लांबून ऐकून
बदकं आधीच पाण्यात उतरून घ्यायची, शिस्तीत.
आता ती दचकतात.
जवळ येईपर्यंत त्यांना कळत नाही मी आलेय ते,
आणि मग फडफड, शिव्या, सगळा गोंधळ.
क्लाइव्ह म्हणतो, "यांना घंटी बांध की, डक."
घंटी मला बांधायला हवी,
पण तेवढा श्वास बोलण्यात कोण घालवणार.

आज मार्च. धुकं पाण्याला चिकटलेलं.
बेचा पाढा मागच्या पुलालाच संपला,
तेराचा कुलपापाशी,
एकोणिसाचा, अडखळत, गुरांच्या फाटकाजवळ.
पुढे एकोणतीस.
एकोणतीस एके एकोणतीस,
एकोणतीस दुणे अठ्ठावन्न,
पाय चाललेत, भाता चाललाय,
एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर,
एकोणतीस साते

आणि थांबले.
धाप लागली म्हणून नाही हो.
आठवेना.
शाळेतही इथेच अडायचे.

मधल्या चिखलात उभी राहून
हातमोजा काढला, बोटांवर मोजलं.
दोनशे तीन.
हातमोजा घातला. कुठला पाय होता?
डावा, बहुतेक.