रकाना: कोणी पाहिलं

काळ्या-पांढऱ्या चार पाकळ्यांची थाळी,
जेवणाच्या ताटाएवढी, दोरीला वीतवीत अंतरावर गाठी.
मुचकुंदीच्या मुखाशी होडी थोपवून
आम्ही ती खाली सोडायचो
दिसेनाशी होईपर्यंत.

होडेकर म्हणायचा, गेली.
मी म्हणायचे, आहे अजून.
शलाका तांडेल, नवी, चष्म्यावरचं खारं पाणी पुसत:
केव्हाच गेली, मॅडम.

मग नियम केले.
सूर्य पाठीशी. होडीच्या सावलीतल्या अंगाने वाकायचं.
दहाच्या आधी नाही, दोनच्या नंतर नाही.
गॉगल नाही. दुसऱ्याचा आकडा ऐकायचा नाही
(शलाका कानांत बोटं घालून बसायची,
होडेकर पूर्णगडाकडे तोंड करून विडी ओढायचा).
उतरताना गेली ती गाठ,
चढताना पुन्हा दिसली ती गाठ,
दोन्हींच्या मधलं काय ते खरं धरायचं.

तरी वीतभर फरक राहिलाच.
आधी हातभर होता, एवढंच.

आलेखांचंही तेच.
माझ्या कागदावर खाडी हळू उतरत होती,
शलाकाच्या कागदावर कड्यावरून कोसळत होती.
आकडे माझेच दोन्हीकडे,
तिने फक्त मीटर ताणला होता.
मग एका मापाचे कागद आणले, शून्यापासून सुरुवात,
तिघांचे तीन, एकावर एक,
प्रयोगशाळेच्या खिडकीला चिकटवले.
मागून समुद्राचा उजेड.

होडेकरची रेघ, सहा वर्षं, जवळपास सपाट.
शलाकाचीही, आहे तेवढी.
उतरत होती ती माझी एकटीची.
मी, जी सगळ्यांत शेवटी ‘गेली’ म्हणायचे.

अहवालात मी लिहून बसले होते:
खाडी गढुळते आहे.

शलाका काचेवरची चिकटपट्टी नखाने उकरत राहिली.
होडेकर म्हणाला, मोतीबिंदू असंल बाई.
माज्या आयेला व्हता. तिला कोलंबी नि करदी
येकच दिसायची.

आता नोंदवहीत एक रकाना जास्त आहे.
मी मागची पानं उलटत चालले आहे,
प्रत्येक आकड्यापुढे ज्याचं त्याचं नाव,
माझ्या आकड्यांपुढे माझं.
खोडायचं काही नाही, असं ठरलंय.
खाडीची नाही तर नाही,
कुणाच्या तरी डोळ्याची नोंद आहेच ती.

मंगळवारी रत्नागिरीला ऑपरेशन.
त्या दिवशी ओहोटी साडेअकराला.
दोघं जातील.
दोरीची सातवी गाठ सैल झालीय,
तेवढं सांगायचं राहिलं.